ज्यू वंशसंहारातील चरित्रे मुलांसोबत कशी वाचावीत

मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, आरतीसंग्रह आणि यशस्वी होण्याचे सल्ले यांच्या रांगेत हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर बहुधा दिसतेच. त्यामुळे आठवी-नववीतल्या वाचनवेड्या मुलाला हिटलर लवकर भेटतो. त्याच्या राजवटीने ज्यांना मारले, त्यांच्यापैकी मात्र एकाचेही नाव त्याला ठाऊक नसते. ‘आपल्या देशाला असाच एक माणूस पाहिजे’ हे टपरीवर ऐकलेले वाक्य तो वर्गात आणतो आणि शिक्षकाला त्यावर काय बोलावे ते चटकन सुचत नाही. अशा शिक्षकांसाठी, गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथपालांसाठी आणि घरी मुलांना वाचून दाखवणाऱ्या पालकांसाठी हे टिपण आहे. या विषयात मुलाची पहिली गाठ हुकूमशहाशी किंवा आकड्याशी न पडता नाव, गाव आणि वय असलेल्या एका माणसाशी पडावी, आणि पुढचा इतिहास त्या ओळखीच्या आधाराने यावा, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षकाची स्वतःची तयारी

चरित्र हाती घेण्यापूर्वी शिक्षकाला निदान फळ्यावर मावेल इतका कालक्रम तोंडपाठ असावा. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. सप्टेंबर १९३५ मधील न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ या दोन दिवसांत त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, आणि त्यानंतर आठवडाभरातच ज्यू मुलांना जर्मन शाळांचे दरवाजे बंद झाले. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर स्वारी झाली. जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर हल्ला झाल्यानंतर गावेच्या गावे गोळ्या घालून संपवण्यात आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विषारी वायूने माणसे मारण्यासाठी खास छावण्या चालू लागल्या. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा पोलंडमधील ऑश्विट्झच्या मृत्युछावणीपाशी पोहोचल्या. तोवर आणि पुढच्या काही महिन्यांत मिळून सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले होते, आणि त्यात पंधरा लाखांच्या आसपास मुले होती. रोमा जमातीचे लोक, अपंग, सोव्हिएत युद्धकैदी आणि पोलिश नागरिक हेही मोठ्या संख्येने बळी पडले.

हा कालक्रम मुलांना पाठ करायला लावू नये. तो शिक्षकाने जवळ बाळगायचा, कारण मुलाचा पहिला प्रश्न ‘मग ते पळून का गेले नाहीत?’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर तारखांतच आहे. १९३३ मधल्या पहिल्या ज्यूविरोधी कायद्यांपासून मृत्युछावण्यांपर्यंत आठ वर्षे लागली. दरवर्षी एखादी गोष्ट काढून घेतली जात होती, आणि दरवर्षी ‘याहून वाईट काय होणार’ असे वाटण्याला जागा होती. ज्यांनी निघायचे ठरवले, त्यांतल्या पुष्कळांना इतर देशांनी व्हिसा दिला नाही.

दुसरा प्रश्न ‘ज्यू म्हणजे कोण?’ असा येतो, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातूनच द्यावे. अलिबागच्या आसपासच्या कोकणपट्टीतील बेने इस्रायल समाज शेकडो वर्षे मराठी बोलत आला आहे. गावावरून पडलेली आडनावे तेही लावतात, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असे म्हटले जाई. कवी निसीम इझिकेल याच समाजातले. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईला आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांच्या नावे आकाशवाणीची ओळखधून सांगितली जाते. ती धून मोबाइलवर ऐकवली, तर मुलांना हा विषय एकदम इतका परका वाटत नाही. स्वस्तिकाचा प्रश्नही निघतोच. तिथे रेषांच्या दिशा आणि कोन मोजत बसू नये. आर्य वंशाच्या कल्पनेने भारावलेल्या जर्मन संघटनांनी एक जुने चिन्ह उचलले, ते नाझी पक्षाच्या झेंड्यावर गेले, आणि म्हणून आपल्या उंबरठ्यावर मंगल असलेले चिन्ह पाहून युरोपातल्या एखाद्या आजीच्या अंगावर काटा येऊ शकतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

एक घोटाळा मात्र आधीच टाळावा. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला. या हकिगती अभिमानाच्या आहेत. परंतु हे निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत राजवटीने त्यांना पोलंडमधून हद्दपार केलेले होते. समाजमाध्यमांवरचे संदेश त्यांची गणना होलोकॉस्टमधून, म्हणजे ज्यू वंशसंहारातून, वाचलेल्यांत करतात. तो धडा वेगळा घ्यावा.

पुस्तकाची पारख

माझ्या मते पाचवीपर्यंत हा विषय मुळातच काढू नये. सहावी-सातवीला लपून राहिलेल्या किंवा परदेशी पाठवलेल्या मुलांच्या कथा द्याव्यात. आठवी-नववीला रोजनिशी आणि वस्तीत कोंडलेल्या मुलांची चरित्रे चालतात. छावणीच्या आतले जीवन सांगणारी आत्मकथने दहावीच्या पुढे ठेवावीत. पंधराव्या वर्षी ऑश्विट्झला नेले गेलेले आणि पुढे १९८६ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळालेले एली वीझेल यांचे लेखन पानांनी छोटे आहे, म्हणून ते लहान मुलांना देण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण छावणीतील वडिलांच्या मृत्यूचे ते वर्णन मोठ्या माणसालाही झेपत नाही.

वयाची अट जुळली तरी प्रत्येक पुस्तक आधी स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि त्याला काही प्रश्न विचारावेत. संकट येण्यापूर्वीचे घर, शाळा, भांडणे, खाणेपिणे त्यात आहे का? ते नसेल, तर वाचकाला भेटतो तो केवळ एक बळी. संवाद लेखकाने रचलेले असतील, तर तसे सांगितले आहे का? सगळा दोष एकट्या हिटलरच्या माथी मारून पुस्तक मोकळे होते की यादी बनवणारा कारकून, आगगाडीचे वेळापत्रक आखणारा अधिकारी आणि रिकाम्या घरातले सामान नेणारा शेजारी हेही त्यात दिसतात? मुखपृष्ठावर ‘सत्यकथा’ छापले आहे म्हणून विश्वास ठेवू नये. लांडग्यांच्या कळपाबरोबर जंगलातून वाचल्याचे सांगणारे एक आत्मकथन अनेक भाषांत खपले, आणि २००८ मध्ये ते बनावट असल्याची कबुली खुद्द लेखिकेनेच दिली. अशा एका खोट्या पुस्तकाचा फायदा ‘हे सगळेच खोटे आहे’ म्हणणाऱ्यांना होतो. तारेच्या कुंपणाआडची हळवी मैत्री रंगवणाऱ्या कादंबऱ्या जरूर वाचाव्यात, पण त्या कादंबऱ्यांच्याच कपाटात ठेवाव्यात.

कोणाचे चरित्र आधी

बहुतेक जण ॲन फ्रँकपासून सुरुवात करतात, आणि त्यात गैर काही नाही. तिचा जन्म १२ जून १९२९ रोजी फ्रँकफर्टमध्ये झाला. तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली. ६ जुलै १९४२ पासून हे कुटुंब ॲमस्टरडॅममधील वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपून राहिले, आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजी कुटुंबातील चौघे आणि त्यांच्याबरोबर लपलेले आणखी चौघे असे आठही जण पकडले गेले. अडचण अशी की रोजनिशी १ ऑगस्टच्या नोंदीपाशी थांबते. ज्या मुलाने फक्त रोजनिशी वाचली, त्याला एका हुशार, फटकळ, आईवर रुसणाऱ्या मुलीचा सहवास मिळतो, पण १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत ती तापाच्या साथीने गेली, आणि आठ जणांपैकी केवळ तिचे वडील ओटो परतले, हे त्याला त्या पानांतून कळत नाही. म्हणून रोजनिशीबरोबर छोटे चरित्र द्यावेच, किंवा पुढची हकिगत शिक्षकाने स्वतः, शांतपणे, तपशिलांचा बाजार न मांडता सांगावी. लेखनाची आवड असलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर, युद्धकाळातल्या रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवा असे आवाहन झाले, आणि ते ऐकून ॲनने आपली वही छपाईच्या दृष्टीने पुन्हा लिहायला घेतली होती. अटकेनंतर विखुरलेले कागद, लपलेल्यांना मदत करणाऱ्या मीप खीस यांनी उचलून ठेवले, म्हणून ते १९४७ मध्ये पुस्तकरूपाने येऊ शकले.

तरीही आपल्याकडच्या शाळांसाठी माझी पहिली पसंती प्रागच्या पेत्र गिन्झला आहे. १९२८ चा जन्म, चौदाव्या वर्षी तेरेझिनच्या कोंडवस्तीत, म्हणजे ज्यूंना डांबून ठेवलेल्या वस्तीत, रवानगी, आणि तिथे मुलांच्या खोलीत ‘व्हेदेम’ नावाच्या साप्ताहिकाचे संपादन. हे साप्ताहिक हाताने लिहिले जाई आणि शुक्रवारी संध्याकाळी सर्वांसमोर वाचले जाई. आपल्या शाळांत वार्षिक हस्तलिखित काढणाऱ्या मुलांना हे काम लगेच समजते: मजकूर वेळेवर न देणारे मित्र, अक्षर चांगले असणाऱ्याच्या माथी पडणारे सगळे काम, चित्रासाठी सोडलेली जागा. त्या साप्ताहिकाची सुमारे आठशे पाने टिकली. संपादक टिकला नाही. सोळाव्या वर्षी त्याला ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आले. त्याने काढलेल्या एका चित्रात चंद्राच्या डोंगरांवरून पृथ्वी दिसते. या चित्राची प्रत इस्रायलचे अंतराळवीर इलान रामोन यांनी २००३ मध्ये कोलंबिया यानातून नेली. त्याच यानात आपली कल्पना चावला होती, आणि ज्या १ फेब्रुवारीला ते यान परतताना नष्ट झाले, तो पेत्रचा जन्मदिवस होता. कल्पना चावलाचे नाव ठाऊक नसलेले मूल आपल्या शाळांत सापडणे कठीण. तिच्या सहप्रवाशाच्या सामानातल्या चित्राचे बोट धरून पेत्रपर्यंत जाता येते.

वॉर्सातील बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांचे चरित्र शिक्षकांनी तर वाचावेच. त्यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी कोंडवस्तीत रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलचे ते नाटक. पुढच्याच आठवड्यात वॉर्सातून माणसे नेण्यास सुरुवात झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांबरोबर कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. सुटकेची संधी असूनही त्यांनी मुलांना सोडले नाही.

वाचवणाऱ्यांची चरित्रे मुलांना मनापासून आवडतात, आणि नेमकी म्हणूनच ती जपून वापरावी लागतात. निकोलस विंटन यांच्या प्रयत्नांतून १९३९ मध्ये प्रागहून ६६९ मुले इंग्लंडला पोहोचली. परंतु १ सप्टेंबरला निघणारी, सुमारे अडीचशे मुलांची शेवटची गाडी युद्ध पेटल्यामुळे सुटलीच नाही, हा भाग गाळला तर ती परीकथा होते. प्रागमध्ये प्रत्यक्ष धोका पत्करून काम करणारे डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक यांची नावेही सांगावीत. वॉर्सातील इरेना सेंडलर यांच्या नावे वाचवलेल्या अडीच हजार मुलांचा आकडा छापला जातो. त्यामागे ज्यूंना मदत करणाऱ्या झेगोटा या गुप्त पोलिश संघटनेचे आणि कितीतरी बायाबापड्यांचे जाळे होते. ज्यूंना वाचवल्याबद्दल याद वाशेम या स्मारक संस्थेने गौरवलेल्यांची संख्या २८ हजारांहून अधिक आहे. ती साठ लाखांच्या शेजारी ठेवून पाहावी. एका वाचवणाऱ्याच्या पुस्तकानंतर एक न वाचलेल्याचे पुस्तक, असा क्रम मला योग्य वाटतो.

वर्गात वाचताना

पहिल्या तासिकेत छावणीचा उल्लेखही करू नये. चरित्रनायकाचे घर, भावंडे, आवडता खेळ, शाळेतली खोडी, एवढेच वाचावे. शनिवारची सकाळची शाळा यासाठी सोयीची पडते, कारण मधल्या सुट्टीनंतर वेळ मोकळा मिळतो.

दुसऱ्या तासिकेसाठी एक साधा उपक्रम आहे. प्रत्येकाने आपल्या कालच्या दिवसाचे वेळापत्रक वहीत लिहावे: उठणे, हापशावरून पाणी, शाळेत येणे, दुकानातून आणलेले सामान, मैत्रिणीकडे केलेला अभ्यास, संध्याकाळचा खेळ. त्यानंतर ॲनने २० जून १९४२ च्या नोंदीत दिलेली बंदीची यादी शिक्षकाने सावकाश वाचावी: सायकली जमा करा, ट्रामने प्रवास नाही, खरेदी फक्त दुपारी तीन ते पाच, रात्री आठ ते सकाळी सहा रस्त्यावर यायचे नाही, त्या वेळेत स्वतःच्या बागेतही बसायचे नाही, सिनेमा नाही, पोहण्याचा तलाव नाही, ख्रिश्चनांच्या घरी जायचे नाही. प्रत्येक वाक्यानंतर मुलांनी आपल्या वेळापत्रकातील बाद होणाऱ्या ओळीवर रेघ मारायची. मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलवरून शेजारच्या गावाहून येणाऱ्या आठवीच्या मुलींचे पेन पहिल्याच वाक्याला थांबते. ‘सायकल नसेल तर शाळाच बंद,’ असे एखादी म्हणते, आणि मग मागच्या बाकावरून ‘पण सायकलीत सरकारचं काय गेलं होतं?’ हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर देण्याची घाई शिक्षकाने करू नये. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

यापलीकडे नक्कल नको. स्नेहसंमेलनात मुलांच्या शर्टांवर पिवळे तारे लावून, एकाला मिशी चिकटवून नाटक बसवण्याची कल्पना कोणीतरी मांडतेच. तिला स्पष्ट नकार द्यावा. छावणीची भूक आणि भीती रंगमंचावर आणता येत नाही, आणि मिशीवाल्यालाच टाळ्या मिळतात. नाटक करायचेच असेल, तर ‘डाकघर’ करावे आणि ते वॉर्सात कोणी, कधी केले होते, हे प्रयोगापूर्वी दोन वाक्यांत सांगावे. प्रेतांच्या राशींची छायाचित्रे आणि चित्रफिती दाखवू नयेत. मुलांनी कुटुंबाचे छायाचित्र पाहावे, लहानपणची शाळेची वही पाहावी.

लेखनासाठी मला जर्मन कलावंत गुंटर डेम्निग यांच्या पितळी दगडांचा नमुना उपयोगी वाटतो. बळी पडलेल्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फूटपाथमध्ये बसवलेल्या, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या या दगडांवर ‘येथे राहत होते’ या शब्दांखाली नाव, जन्मवर्ष, नेल्याची तारीख आणि शेवट एवढेच कोरलेले असते. युरोपात असे एक लाखाहून अधिक दगड आहेत. वाचलेल्या चरित्रातील व्यक्तीसाठी तेवढ्याच जागेत मावणारा मजकूर मुलांनी लिहावा. लांबलचक, विशेषणांनी भरलेल्या निबंधापेक्षा यात अधिक विचार करावा लागतो.

हिटलरचे पुस्तक घेऊन येणाऱ्या मुलाचे काय करावे? पुस्तक जप्त करू नये; जप्त केलेले पुस्तक दुप्पट वाचले जाते. वहीचे पान उभे दुमडून डाव्या रकान्यात हिटलरच्या राजवटीतील वर्षे आणि उजव्या रकान्यात त्या वर्षी ॲनचे किंवा पेत्रचे वय व त्याचे काय चालले होते, असे भरून आणायला सांगावे. १९३३: चॅन्सेलरपद, ॲन साडेतीन वर्षांची, वडील जर्मनी सोडण्याच्या तयारीत. पुढचे रकाने त्याचे त्याने भरावेत. या कामानंतर त्याच्याशी ‘शिस्त’ या विषयावर बोलणे सोपे जाते.

आपल्या मुलांची काळजी

बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील कितीतरी मुले दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेल्यावर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. रेल्वेच्या फलाटावर आईवडिलांनी मुलांना निरोप दिला आणि ती पुन्हा कधी भेटली नाहीत, ही विंटन यांच्या गाड्यांतील बहुतेक मुलांची हकिगत या मुलांच्या थेट वर्मी लागते. ती कथा टाळा असे मी म्हणणार नाही. पण हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यानंतर, मार्च-एप्रिलमध्ये ती घ्यावी, आणि संध्याकाळच्या वेळी तर मुळीच नको. कर्जापायी वडिलांनी जीव दिलेली मुलेही आपल्या वर्गांत आहेत. मृत्यूचे प्रकरण वाचण्याच्या आदल्या दिवशी अशा मुलाला एकट्याने बोलावून उद्या काय वाचणार ते सांगावे, आणि त्याला ग्रंथालयात बसण्याची मुभा द्यावी. कारण विचारू नये.

चर्चेत गावचा इतिहासही येणार. वेगळ्या ठेवलेल्या कपाची आजीने सांगितलेली आठवण एखादे मूल सांगेल. दुसरे १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत जळालेल्या वस्तीबद्दल घरी ऐकलेले बोलेल. बागेतल्या बाकावर बसायला बंदी म्हणजे काय, हे या मुलांना समजावून सांगावे लागत नाही, आणि त्यांना बोलू द्यावे. मात्र ‘हे आणि ते एकच’ असे शिक्षकाने म्हणू नये. दोन्ही गोष्टींची कारणे, काळ आणि शेवट वेगवेगळे आहेत, आणि सरसकट तुलनेत दोन्हींचे तपशील हरवतात. रझाकारांचा विषय निघाला तर अधिक सावध राहावे. निजामी राजवटीतील अत्याचार खरे आहेत आणि १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाची आठवण ठेवतोच. पण त्या चर्चेत वर्गातील मुस्लीम मुलाकडे माना वळल्या, तर तिथेच थांबून, एका संघटनेच्या कृत्यांचा जाब समाजात जन्मलेल्या मुलाला विचारणे हेच नाझी शाळांतील शिक्षक करीत होते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

ग्रंथालयाची व्यवस्था

अनुदान थोडे असल्यास पाच वेगवेगळ्या पुस्तकांपेक्षा एकाच चांगल्या पुस्तकाच्या पाच प्रती घ्याव्यात, कारण हा विषय एकट्याने वाचण्याचा नाही. चार-पाच मुलांनी एकाच आठवड्यात वाचून एकमेकांशी बोलणे अधिक बरे. मराठी भाषांतर घेताना अनुवादकाचे नाव आणि मूळ पुस्तकाचे वर्ष छापलेले आहे का, ते पाहावे. ज्यावर हे दोन्ही नाही, ते बहुधा कुठून तरी संक्षिप्त केलेले असते. पुस्तके खुल्या मांडणीवर न ठेवता देवघेवीच्या टेबलापाशी ठेवावीत. प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवून त्यावर हे पुस्तक कोणत्या इयत्तेपासून द्यायचे, छावणीचे वर्णन कोणत्या पानापासून सुरू होते आणि पुस्तक परत आल्यावर त्या मुलाशी कोण बोलणार आहे, एवढे लिहून ठेवावे.